हळदकुंकवाची बंदूक आणि दिवाळीची तोफ

आमच्या सासरी खंडेनवमीला पाटावर विळी, कोयता, खुरपं, ह्यांची पेनं, माझी शिवणाची कात्री असं सगळं मांडतात. त्यांच्या मधोमध एक बंदूक असायची. ठासणीची. उभी केली तर माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब, दस्त्यावर पितळेची पट्टी. जिंतूरकडचा जुना वाडा मोडून मंडळी परभणीत राहायला आली तेव्हा दगडी उखळ, जातं, धान्याच्या कणग्या सगळं मागं राहिलं; ही मात्र घोंगडीत गुंडाळून आली आणि माळ्यावर चढली. वर्षातून एक दिवस खाली. पुसायची, पाटावर ठेवायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, निरांजन, नैवेद्य, आणि पुन्हा माळ्यावर.

लग्नानंतर पहिल्या दसऱ्याला सासूबाईंनी पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "नळीला बोट लावून कुंकू लाव. तुझ्या आजेसासऱ्यांची निशाणी आहे." मी लावलं. पुढची बारा-तेरा वर्षं लावत आले. लेकरं भोवती बसलेली असायची. धाकटा तर नळीच्या तोंडाशी डोळा लावून "आत अंधार आहे" असं सांगायचा.

२०२४ च्या दसऱ्याच्या आधी साफसफाई करताना घोंगडीत आणखी एक वस्तू सापडली. बैलाच्या शिंगाची पोकळ कुपी, तोंडाला लाकडी बूच. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. मी बूच काढणार तेवढ्यात हे ओरडले, "हात लावू नकोस!" एवढ्या वर्षांत ते माझ्यावर असे ओरडले नव्हते. ती दारूची कुपी होती. प्यायची नव्हे, बंदुकीची.

त्या रात्री घरात पहिल्यांदा प्रश्न निघाला की ह्या बंदुकीचा परवाना कुठं आहे? सासूबाईंना आठवत होतं, निजामाच्या काळात उर्दूतला एक कागद होता. तो वाड्याबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "शस्त्रास्त्र कायदा १९५९ सालचा आहे. परवान्याशिवाय चालणारी बंदूक घरात ठेवणं हा गुन्हा, मग ती आजोबांची असो की पणजोबांची. चालतच नसेल, दुरुस्तीही होण्यासारखी नसेल, नुसती जुनी वस्तू असेल, तर गोष्ट वेगळी. पण ते तुम्ही ठरवायचं नाही." त्यांनी अर्ज लिहून दिला. बंदूक हातात घेऊन रस्त्यानं जायचं नाही, आधी ठाण्यात जाऊन सांगायचं, हेही बजावलं.

पोलीस घरी आले. घाबरण्यासारखं काही झालं नाही. साहेबांनी चहासुद्धा घेतला. बंदूक आणि कुपी घेऊन गेले, हे सोबत गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. तिथल्या शस्त्रांच्या जाणकारानं नळीत एक बारीक काठी आत टेकेपर्यंत सोडली, बोटानं खूण धरली, बाहेर काढली आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहिली. खूण वीतभर आधीच संपली. म्हणजे नळीत मागच्या बाजूला वीतभर काहीतरी बसलेलं होतं.

बंदूक भरलेली होती.

पाणी घालून, बऱ्याच खटपटीनं त्यांनी ते बाहेर काढलं. काळा चिखल, मूठभर छर्रे, आणि त्यांच्यामध्ये ठासलेला कापडाचा बोळा. लुगड्याचा तुकडा होता, काठ अजून ओळखू येत होता. सासूबाई हे ऐकून बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "रझाकाराच्या साली आत्याबाई रात्र रात्र जागायच्या म्हणे. ह्यांचे वडील ओसरीवर बंदूक घेऊन बसायचे. लेकरं आत धान्याच्या खोलीत." म्हणजे १९४८. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं, भीती गेली, आणि भरलेली बंदूक तशीच राहिली. बार उडाला नाही म्हणून कुणी काढलाही नाही. शहात्तर वर्षं आम्ही घरातल्या बायका भरल्या बंदुकीला निरांजन ओवाळत होतो.

दारू म्हणजे काय

त्यानंतर मी ह्या विषयाच्या मागंच लागले. शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते, पण "तोफांचा मारा झाला" हे वाक्य पन्नासदा वाचूनही तोफेत नेमकं काय घडतं हे मला ठाऊक नव्हतं.

काळी दारू तीनच वस्तूंची: सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा जळतो, गंधक त्याला चटकन पेटवतो, आणि सोरा जळण्यासाठी लागणारा प्राणवायू स्वतःच्या पोटातून पुरवतो. म्हणून चुलीला फुंकणीनं वारा घालावा लागतो तसं इथं लागत नाही; बंद नळीतसुद्धा ती पेटते. उघड्यावर नुसती भपकन जळते. कोंडली की मात्र तिच्यातून निघालेला वायू वाट शोधतो आणि समोर जे असेल ते ढकलून देतो. कुकरची शिटी अडकल्यावर काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सोरा म्हणजे काही परका पदार्थ नव्हे. जुन्या गोठ्याच्या भिंतींना, मातीच्या पायाला पांढरा फुलोरा येतो, आपण "लोणा लागला" म्हणतो, त्यात तो असतो. पूर्वी अशा मातीतूनच सोरा काढत. चीनमध्ये हजार-अकराशे वर्षांपूर्वी हे मिश्रण सापडलं आणि तिथून जगभर गेलं.

ह्या दारूचा एक गुण आपल्या डोक्यात पक्का बसायला हवा. ती पिठासारखी किडत नाही, मसाल्यासारखी उतरत नाही. कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ साली एक अनुभवी संग्राहक आपल्या घरी यादवी युद्धातला तोफगोळा साफ करत होता. एकशे चाळीस वर्षांहून जुना गोळा. तो फुटला आणि माणूस जागच्या जागी गेला. मी शिंगाच्या कुपीचं बूच काढायला निघाले होते, आणि शेजारी देवघरात समई चालू होती.

पाथरीच्या वंशाची तोफ

आपल्या परभणी जिल्ह्यात देवगिरीसारखा मोठा किल्ला नाही. असतील त्या पडक्या गढ्या. म्हणून आपला तोफांशी काय संबंध, असं वाटतं. पण जरा थांबा.

विजापूरची मुलुख-मैदान तोफ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी सहलीत पाहिली असेल. सुमारे चौदा फूट लांब, पाच फूट व्यासाची, वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोंड सिंहाच्या जबड्याचं आणि जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. ती विजापूरची नाहीच मुळी! १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी नावाच्या कारागिरानं ती ओतली. तेव्हा गादीवर होता बुरहान निजामशहा. आणि ह्या निजामशाही घराण्याचा मूळपुरुष, फिरिश्ता ह्या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे, आपल्या पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरचा मुलगा. लहानपणी पकडला गेला, बहामनी दरबारात वाढला, मलिक हसन झाला. त्याचा नातू बुरहान. वाडवडिलांचं गाव म्हणून त्याला पाथरी हवी होती. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती, त्यावरून लढाया झाल्या. म्हणजे जगातल्या मोठ्या तोफांत जिची गणना होते ती तोफ ओतवणाऱ्याचं आजोळ म्हणा, मूळघर म्हणा, आपल्याच जिल्ह्यातलं.

ही तोफ १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत होती असं सांगतात. पुढं परांड्याच्या किल्ल्यात आली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला गेली. दहा हत्ती आणि चारशे बैल ओढायला लागले म्हणे. १८५४ साली इंग्रजांनी ती लिलावात काढली तेव्हा बोली आली दीडशे रुपये! नशीब, लिलाव रद्द झाला. तिथले गाइड सांगतात की बत्ती दिली की गोलंदाज कान वाचवायला शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारायचे. खरंखोटं तोफेलाच ठाऊक, पण चारशे वर्षांपूर्वीच्या गोलंदाजाला आपल्या कानांची काळजी होती, एवढं तरी त्यातून दिसतं. आपल्या गल्लीतले पोरं लग्नाच्या वरातीत फटाक्यांच्या माळेशेजारी नाचतात.

शाळेची सहल देवगिरीला नेली की मुलं चांदमिनार बघत नाहीत, भुयाराला भितात, आणि मेंढा तोफेला मात्र चिकटून बसतात. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे आणि ती चबुतऱ्यावर गोल फिरवता येत असे. मुलींचा घोळकासुद्धा तिथंच. मला वाटायचं, हे वेड मुलग्यांचं. तसं नाही. मोठा आवाज, धूर आणि लांबवर काहीतरी जाऊन पडणं ह्यात काय जादू आहे कोण जाणे, पण ती सगळ्या लेकरांना आहे.

मोठ्या माणसांनाही आहे. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांच्या हौशी नेमबाजांची मोठी संघटना १९३३ पासून आहे. १९५० पासूनची आणखी एक संघटना यादवी युद्धकाळच्या बंदुका आणि छोट्या तोफांच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरवते. जपानमध्ये जुन्या बत्तीच्या बंदुकांची पथकं उत्सवात नुसत्या दारूचे बार काढतात, गोळी न घालता. ह्या लोकांच्या छंदाबद्दल वाचताना मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. काळ्या दारूची काजळी फार चिकट, शिवाय दमट हवा ओढून घेणारी. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवली तर नळी गंजते. म्हणून अर्धा तास बार काढायचे आणि मग गरम पाणी, साबण, घासणी, फडकं, शेवटी तेलाचा हात. आपल्या लोखंडी तव्याचीच सगळी तऱ्हा! ही धुणीभांडी ते पुरुष आनंदानं करतात. बाकी नियम कडक. दारू मोजून, कुपीतून थेट नळीत कधी ओतायची नाही, दोन बारांच्या मध्ये तोफेची नळी ओल्या बोळ्यानं पुसून ठिणगी विझवायची, नळीसमोर तोंड न्यायचं नाही, आणि बार उडाला नाही तर जवळ जाऊन डोकावायचं नाही.

आपल्याकडे हा छंद म्हणून करता येत नाही, आणि तेच बरं आहे. बंदुकीला परवाना, दारूला स्फोटकांचा कायदा, तो १८८४ सालचा. कोकणात सिंधुदुर्गाकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. निवडणुका आल्या की त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात. मध्य प्रदेशात रायसेनला रमजानच्या महिन्यात किल्ल्यावरून रोज दोनदा छोटी तोफ उडवतात, सहेरी आणि इफ्तारची वेळ कळावी म्हणून. त्याला जिल्हाधिकारी महिन्यापुरता परवाना देतात. महिना संपला की तोफ साफ करून परत कोठीत. मला ही पद्धत आवडली. परंपराही राहिली आणि जबाबदार कोण हेही ठरलं. आपल्या जत्रांत उखळी उडवतात तिथं पुष्कळदा हे दुसरंच ठरलेलं नसतं. बत्ती कोण देणार यावर चुरस, आणि भोवती लहान लेकरांचं रिंगण.

पाइपची तोफ

आता माझ्या घरातली दुसरी गोष्ट. २०२५ ची दिवाळी. चिरंजीव सातवीत. न्हाणीघराच्या मागं मला प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा आणि गॅसचा एक जुना लायटर सापडला. विचारलं तर मान खाली. मोबाइलवर पाहून "तोफ" करायची ठरली होती, मित्र कार्बाइड आणणार होता. शेतात माकडं, पाखरं, रानडुकरं हाकलायला लोक असल्या पाइपच्या तोफा वापरतात ते त्यानं गावाकडं पाहिलेलं. कार्बाइड म्हणजे ज्यानं चोरून आंबे-केळी पिकवतात तो खडा. फळांसाठी तो वापरायला बंदी आहे. पाणी लागलं की त्यातून पेटणारा वायू निघतो. ह्या तोफेत काळी दारू नसते, पण कोंडलेला वायू वाट शोधतो तो तसाच.

त्याच आठवड्यात बातम्या आल्या. भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर भागात ह्या तोफांनी शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली होती, बहुतेक लहान मुलं. काहींची नजर कायमची गेली. बाजारात ती तोफ दीडदोनशे रुपयांना मिळत होती. मुलुख-मैदानला आलेल्या बोलीएवढीच किंमत. आणि बहुतेकांचं झालं कसं? लायटर दाबला, आवाज आला नाही, काय झालं म्हणून पोरानं नळीत डोकावून पाहिलं, आणि त्याच क्षणी बार उडाला.

धाकटा खंडेनवमीच्या बंदुकीच्या तोंडाला डोळा लावायचा ते मला आठवलं. मी ते पाइप त्याच्यासमोरच कोयत्यानं तोडलं. तो रडला. मी त्याला मारलं नाही, पण मारण्याइतकी चिडले होते हे कबूल करते.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातला एक मुलगा डोळ्याला पट्टी बांधून आला. त्याच्याही घरी तीच तोफ. आजीनं घाबरून डोळ्यात तूप घातलं, शेजारणीनं मध सुचवला, आणि डॉक्टरकडे जायला दुसरा दिवस उजाडला. आता पट्टी निघाली आहे. पहिल्या बाकावर बसवला तरी त्या डोळ्यानं फळ्यावरचं वाचता येत नाही.

म्हणून हे एवढं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून ठेवा. डोळ्यात कार्बाइड, चुना, फटाक्याची भुकटी काहीही उडालं तर चोळू द्यायचं नाही. पापणी उघडी धरून पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार सोडायची, वीस मिनिटं तरी, घड्याळ लावून. लेकरू ओरडेल, सोडू द्यायची. तूप, मध, गुलाबपाणी, आईचं दूध यातलं काहीही घालायचं नाही. मात्र डोळा फाटल्यासारखा दिसला किंवा आत काही रुतलेलं दिसलं तर धुवायचंही नाही आणि ओढून काढायचंही नाही. वरून स्वच्छ वाटी दाब न देता उपडी धरायची. दोन्ही वेळा थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे, त्याच रात्री. कातडी भाजली तर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही.

आणि माळ्यावर, कणगीत, देवघराच्या मागं जुनी बंदूक, कुपी, काडतूस, गोळा काही असेल तर उचलू नका, पुसू नका, नळीत पाणीही घालू नका. ते जाणकाराचं काम. लेकरांना दूर करा आणि ठाण्यात जाऊन सांगा. वकिलाकडून अर्ज लिहून घेतलात तर उत्तम. वस्तू जमा झाली की पावती मिळते, ती जपा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर तसं अर्जात लिहा, कारण पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा निराळा आहे.

आमची पावती देवघरात आहे. २०२५ च्या खंडेनवमीला सासूबाईंनी पाट मांडला तेव्हा विळी आणि कोयत्याच्या मधोमध त्यांनी ती पावती ठेवली, वर सुपारी. म्हणाल्या, "लाव कुंकू." मी कडेला लावलं, शिक्क्यावर येणार नाही असं बघून.

राहिला चिरंजीवांचा रुसवा. पुण्याकडं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात, ती चाल आता आपल्या बाजूलाही आली आहे. त्याला म्हटलं, तोफ हवी ना, कर किल्ला. आपली काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात थोडी गोदावरीची वाळू आणि भुसा घालावा लागतो, हे पहिला किल्ला चिरल्यावर कळलं. तोफा केल्या माझ्या दोऱ्याच्या रिकाम्या रिळांच्या: एका टोकाला स्केचपेनचं टोपण नळीसारखं, बाटल्यांची झाकणं चाकांना, वरून बुटाचं काळं पॉलिश. सहा झाल्या. गोळ्यांना मोहरी.

बुरुजावर मांडल्या तेव्हा पाहते तर सगळ्यांची तोंडं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. म्हटलं, "अरे, शत्रू तिकडून येतो की काय?"

"अभ्यासाला हाक तिकडूनच येते," तो म्हणाला.